डावरे आप्पा

आधीच क्षमा मागून ठेवतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, तेव्हा लेख लिहिणे हे काम माझे नव्हे, हे मला समजते. शिवाय लेख थोरामोठ्यांवर लिहितात. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते बेळगावच्या कँपात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये मांस भाजायची लोखंडी जाळी घासत असत. कॉलेजच्या अंकासाठी पाहिलेल्या माणसावर लिही, असे सरांनी सांगितले आणि कागद पुढे ओढल्यावर दुसरे कोणी डोळ्यांपुढे येईना. कुठे चुकले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

ते माझे थोरले चुलते. घरात आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू आणि कँपात सगळे डावरे आप्पा म्हणत. खरे तर ते डावरे नव्हते. जेवत उजव्या हाताने, विळा धरत तोही उजव्याच हातात. फक्त जाळी घासायला बसले की उजवा हात पाठीमागे नेऊन कमरेच्या करदोट्यात खोवत आणि सगळे काम एकट्या डाव्या हाताने करत. जाळी चांगली लांबरुंद होती, बोटाएवढ्या जाड गजांची. ती सरकू नये म्हणून तिची एक कड पायरीच्या दगडाला टेकवत, दुसरी कड टाचेने दाबून धरत आणि वाकून एकेक गज घासत जात. नव्या माणसाला वाटे, याचा उजवा हात अधू आहे. एका साहेबाने तर दया येऊन त्यांना इस्पितळात पाठवले होते आणि तिथल्या डॉक्टरने हात हलवून बघून परत पाठवले होते.

ही गोष्ट पास्कू रंगवून सांगे. पास्कू हा मेसचा स्वयंपाकी, गोव्याकडचा किरिस्ताव, पोट सुटलेला आणि तोंडाने अखंड चालू. तो आप्पांना म्हणे, "आप्पा, तुझा उजवा हात पेन्शनीत गेला काय रे? आम्ही दोन हातांनी राबतो, तू एका हाताचा पगार घे." आप्पा मान वर न करता म्हणत, "तुझं तोंड पेन्शनीत घाल, मग बघू." यापलीकडे त्यांनी पास्कूला कारण सांगितल्याचे मी ऐकले नाही. पण पास्कूला ते ठाऊक होते. सगळ्या कँपाला ठाऊक होते.

आमचे गाव खानापूरच्या बाजूला, रानाच्या कडेला. गावाची देवी लक्ष्मी. तिची यात्रा दरसाल भरत नाही. गावाला झेपेल तेव्हा, दहा-बारा वर्षांनी, कधी त्याहून उशिराही भरते. त्या वेळी देवीच्या रथावर दोन मोठ्या पितळी समया चढतात. मधली सगळी वर्षे त्या देवळाच्या माळ्यावर पडून काळ्या होतात आणि यात्रेच्या आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून त्या घासायचा मान आमच्या घराचा आहे. दुसऱ्या कोणाचा हात त्यांना लागत नाही. आप्पांनी वडिलांच्या मागे एका यात्रेत त्या घासल्या होत्या. त्यांच्याइतक्या लखलखीत समया कोणी केल्या नाहीत, असे म्हातारी माणसे सांगत.

पुढे भातशेतीवर भागेना, म्हणून आप्पा कँपात कामाला जायला निघाले. मेसमध्ये जाळी घासायची म्हणजे गाईच्या मांसाची चरबी हाताला लागणार. गावात कुजबुज झाली. तेव्हाचे पाटील, म्हणजे आताच्या पाटलांचे वडील, विचारी माणूस होते. त्यांनी आप्पांना देवळात बोलावले आणि म्हणाले, "हात दोन हायत न्हवं तुला? एक साहेबाला दे, एक देवीला ठेव." सगळ्यांना ते पटले. आप्पांना तर इतके पटले की त्या दिवसापासून उजवा हात कधी त्या जाळीला लागला नाही.

मॅट्रिक झाल्यावर मी बेळगावात कॉलेजात जाऊ लागलो आणि आप्पांच्या खोलीत राहायला आलो. मेसच्या मागे नोकरांच्या खोल्यांची रांग होती, तिच्या टोकाला त्यांची खोली. काकू फार पूर्वीच वारली होती, मूलबाळ नव्हते. ते कामावरून आले की आधी विहिरीवर आंघोळ करत, मग भात आणि आमटी रांधत आणि मला वाढत. वाढताना पळी उजव्याच हातात असे. मी इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचावे असे त्यांना वाटे. एक अक्षर कळत नसे, तरी भिंतीला टेकून ऐकत. मग मध्येच विचारत, "त्यात जाळीचं काय लिहिलंय का रं?" मी नाही म्हणालो की म्हणत, "मग पुढचं वाच."

जाळी घासायची त्यांची वेळ ठरलेली होती, पण ती घड्याळाची नव्हती. साहेबांचे जेवण आटोपले की पास्कू निखारे खाली ओढून घेई आणि आप्पा जाळीच्या वर हाताचा पंजा धरून बसत. डावा. मधूनमधून पंजा खाली नेत, पुन्हा वर घेत. धग हवी तेवढी उतरली की एकदम उठत आणि मग कोणाशी बोलत नसत. नारळाच्या सोडणाने आधी करपलेले खरवडत, मग चुलीतली राख आणि विटेची भुकटी घेऊन गज घासत, गरम पाणी ओतत, पुन्हा निखाऱ्यावर धरून वाळवत आणि शेवटी गोडेतेलाचे फडके फिरवत. आमच्याकडच्या ओल्या हवेत तेल लावायचे राहिले तर सकाळी गजांवर तांबूस गंज दिसतो. त्यांच्या जाळीवर तो मी कधी पाहिला नाही.

ते म्हणत, "गरम असताना हात घालशील तर कातडं जाईल. थंड झाल्यावर घालशील तर चरबी जाणार न्हाय. कोमट असताना गाठायची." हे वाक्य ते जाळीपुरते ठेवत नसत. रांगेत दोन घरांची भांडणे झाली की लगेच मध्ये पडत नसत आणि फार दिवस जाऊही देत नसत. एका संध्याकाळी उठून दोघांनाही आपल्या खोलीत चहाला बोलावत. मी एकदा एका प्राध्यापकांच्या बोलण्याने दुखावून कॉलेज सोडायला निघालो होतो. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी माझी टोपी माझ्या हातात देऊन म्हणाले, "निघ आता. कोमट झालंय." मी गेलो.

आता ज्या दुपारमुळे हे सगळे लिहावेसे वाटले त्या दुपारचे सांगतो. लढाईची वर्षे होती. मेसच्या हिरवळीवर साहेबांचे आणि त्यांच्या बायकामुलांचे जेवण होते, म्हणून विटांची चूल बाहेरच मांडून जाळी तिच्यावर चढवली होती. जेवण झाले, आणि मुलांचे खेळ तिथेच व्हायचे म्हणून जाळी ताबडतोब हलवा असा हुकूम आला. आप्पा म्हणाले, जरा निवू दे. ऐकणार कोण? पास्कूने आणि पाणक्याने दोन्हीकडून लोखंडी आकडे अडकवून जाळी उचलली आणि मागच्या पडवीकडे निघाले. मी आमच्या खोलीच्या दारात तर्कशास्त्राचे पुस्तक घेऊन बसलो होतो. पडवीच्या ओल्या फरशीवर पास्कूचा पाय घसरला, तो उताणा पडला आणि जाळी त्याच्या मांड्यांवर आली. पाणक्या आकडा टाकून मागे पळाला.

आप्पा दोन पावलांवर, घासायच्या तयारीने उजवा हात करदोट्यात खोवून उभे होते. त्यांनी डावा हात घातला. जाळी एका बाजूने उचलली गेली आणि पुन्हा खाली आली, कारण ती एका हाताने उचलायची नव्हतीच. पास्कूचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मग करदोट्यातला हात बाहेर आला. दोन्ही हातांनी जाळी उचलून आप्पांनी ती बाजूला टाकली. मी पोचलो तेव्हा ते पास्कूच्या पायांवर घागर ओतत होते आणि त्यांच्या दोन्ही पंजांवर गजांचे पांढरे पट्टे उठले होते. ते डाव्या हाताकडे बघत नव्हते.

पास्कू वाचला. बरेच दिवस इस्पितळात होता, पुढे लंगडत चालू लागला, पण चालू लागला. आप्पा रोज त्याला पेज नेऊन देत. आप्पांच्या हातांची फडकी सुटली त्या दिवशी मी बरोबर होतो. पास्कू त्यांचा उजवा हात धरून, पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "तुझ्या देवीला सांग आप्पा, हात मी उसना घेतला होता. बिघडवून परत देतोय, रागावू नको म्हणावं." आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "सांगायलाच जाणार हाय."

फडकी सुटल्यावर पहिल्या रविवारी आम्ही दोघे खानापूरच्या गाडीने निघालो आणि स्टेशनावरून चालत गावात गेलो. देवळाच्या कट्ट्यावर आताचे पाटील बसले होते, चार माणसेही होती. आप्पा खाली उभे राहिले आणि हात न दाखवता म्हणाले, "पाटील, उजवा हात जाळीला लागला."

पाटलांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "ह्या पोराबिगर गावातलं कुणी बघितलं?"

"न्हाय."

पाटील आवाज उतरवून म्हणाले, "मग सांगतोस कशाला? कँपातलं कँपात ऱ्हाऊ दे की."

"कुणी बघितलं न्हाय म्हणूनच आलोय," आप्पा म्हणाले. "बघितलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

आता कट्ट्यावरच्या माणसांनी ऐकले होते, तेव्हा पाटलांनाही मागे जाता येईना. तरी त्यांनी वाट काढली, हे मी मान्य केले पाहिजे. म्हणाले, "झालं ते झालं. सोमवारी ये, पंचगव्य घे, देवीची ओटी भर. मिटलं. यात्रेला अजून अवकाश हाय, समया तूच घासशील."

मला वाटले, संपले सगळे नीट. मग ते म्हणाले, "पाटील, प्रायश्चित्त पापाला असतंय. ह्यात पाप कुठलं ते सांगा."

"त्या जाळीवर काय भाजत्यात ते ठावं हाय न्हवं तुला?"

"ठावं हाय. जल्म तिथं गेला. पर त्या दिशी जाळीच्या वर काय न्हवतं. खाली माणूस व्हता."

"रीत हाय, आप्पा."

"रीत मोडली, व्हय. बोली मोडली, ते बी खरं. मान काढून घ्या, मी वर बघणार न्हाय. पर माणूस उचलला म्हणून पंचगव्य घिणार न्हाय." त्यांनी डावा हात पुढे केला. "घ्यायचंच झालं तर आदी डावा लावला, त्याचं घीन. तेवढ्या येळात पास्कूचं मांस करपलं. ते पाप माझं हाय."

पाटील उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मग समयांना हात लावू नको." आप्पा म्हणाले, "बरं." देवीला त्यांनी बाहेरूनच हात जोडले, दोन्ही.

परत येताना गाडीत मी भीत भीत विचारले, पंचगव्य घेतले असते तर काय बिघडले असते? वाद घालायचा माझा हेतू नव्हता. समयांवर त्यांचा किती जीव होता ते मी जाणत होतो. कँपातली पितळेची भांडी घासून झाली की ती उन्हात धरून ते म्हणत, "समईसारखी झाली न्हाईत." देसूर स्टेशन मागे पडल्यावर ते म्हणाले, "मग पास्कूला तोंड कसं दावू?"

मला वाटले होते, आता तरी ते जाळी दोन्ही हातांनी घासतील. पण दुसऱ्या दिवशी पाहिले तर उजवा हात पुन्हा करदोट्यात. पास्कू कुबडीवर येऊन शेजारी बसला होता. तो कधी नव्हे तो चिडला. "आता कोणासाठी रे? पाटलाने काढून घेतले ना सगळे?" आप्पा राख चिमटीत घेत म्हणाले, "मान पाटलानं काढला. देवीनं अजून काय सांगितलं न्हाय." त्यावर पास्कूने कुबडी भिंतीला टेकवली आणि जाळीची दुसरी कड आपल्या हातांनी दाबून धरली. त्या दिवसापासून आप्पांना टाच लावावी लागली नाही.

ते गावी जायचे मात्र जवळजवळ थांबले. पाटीलही कधी निरोप पाठवत नसत. मला राहून राहून वाटे की सगळ्यांची भांडणे कोमट असताना गाठणाऱ्या माणसाने आपलेच एक एवढे थंड का होऊ दिले? विचारायचा धीर झाला नाही. आज वाटते, ती पाळी त्यांची नव्हतीच. त्यांनी आपले सांगून टाकले होते आणि पुढचे पाऊल पाटलांचे होते.

इंटर झाल्यावर मी बी. ए.साठी पुण्याला निघालो. आप्पा बेळगाव स्टेशनावर पोचवायला आले, खांद्यावर माझी वळकटी होती. गाडी हलायच्या आधी मी पायांवर डोके ठेवले. मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर उजवा हात ठेवला होता. आताही त्यांनी तो उचलला, पण मध्येच थांबले आणि विचारले, "चालंल न्हवं?" मी वाकूनच राहिलो. मग हात डोक्यावर आला. पंजावरचे ते पट्टे घट्टे होऊन राहिले होते, ते केसांतून लागले.

लढाई संपली. गोऱ्यांची पलटण बेळगावातून गेली, मेस मोडली, पास्कू गोव्याला निघून गेला. जाळी कोणी नेली ते कळले नाही. आप्पा गावी आमच्या घरी राहायला गेले. त्या उन्हाळ्यात देवीची यात्रा ठरल्याचे मला पुण्यात कळले होते, पण परीक्षा तोंडावर होती. परीक्षा झाली की जायचे, असे मी ठरवले होते.

शेवटचा पेपर देऊन खोलीवर आलो तो दारात आमच्या गावचा परशराम बसला होता. तो रेल्वेत खलाशी आहे, पुण्यापर्यंत त्याची फेरी असते. त्याला पाहून मी यात्रेचेच विचारले. तो म्हणाला, "बस आदी." मग त्याने सांगितले.

आप्पांना हिवतापाने धरले होते. यात्रेला आठवडा उरला तेव्हा पाटील स्वतः आमच्या घरी आले. आत आले नाहीत, उंबऱ्यावरच बसले, आणि म्हणाले, "आप्पा, पंचगव्याचं ऱ्हाऊ दे. माझंच चुकलं असंल. समया माळ्यावरनं काढल्यात, घासायला ये." आप्पांना उठता येत नव्हते. त्यांनी उजवा हात कांबळ्याबाहेर काढला, उलटा सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "आता थंड झालं, पाटील." नंतर दोन दिवसांनी ते गेले.

काहीतरी विचारायचे म्हणून मी विचारले, मग समया कोणी घासल्या?

"कुणी न्हाय," परशराम म्हणाला. "तुमच्या घराला सुतक, म्हणून चार घरं पुढं आली मानाला. पाटलानं कुणाला हात लावू दिला न्हाय. म्हणाला, ज्याचा हात त्यो गेला, ह्या खेपेला तशाच चढवा. तशाच चढवल्या."

"काळ्या?"

"काळ्या ठिक्कर. मी रथापाशीच हुतो." तो जायला उठला. "पर उजेड मागल्या खेपेएवढाच पडला."